बोरवाडीचा मंगळवार

आपल्या गावात बाजार भरला पाहिजे, हे नागोरावांच्या डोक्यात एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर शिरलं आणि काही केल्या निघेना. मिठापासून मिरचीपर्यंत सगळ्यासाठी बोरवाडीला ढाणकीची वाट तुडवावी लागायची. "ढाणकीले काय सोनं लागलं हाय?" असं म्हणत त्यांनी दवंडी पिटवली, मंगळवार ठरवला आणि रस्त्याकडेच्या चिंचेखाली आपल्या वावरातली वांगी मांडून बसले.

दिवसभरात एक बकरी तेवढी आली. तीही फुकट खाऊन गेली.

"गावात घरोघरी वांगे हायेत," त्यांची बायको मथुराबाई संध्याकाळी म्हणाली. "तुमचे कोन घीन?"

"मंग बाजार भरन कसा?"

"लोकं गर्दी पाहून थांबतात. आधी गर्दी जमवा."

नागोरावांना ते पटलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी हातापाया पडून अख्खं गाव चिंचेखाली बसवलं. कुणी तुरी आणल्या, कुणी वापरलेला झाडू. शेजारच्या रुखमाबाईनं आपली लाडकी कोंबडी आणली, पण विकणार नाही या बोलीवर. विकायचं कुणालाच नव्हतं. रस्त्यानं कुणी दिसलं की जोरात भाव करायचा, एवढंच ठरलं होतं.

पंजाबराव पाटलांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. कोंबडीचा भाव ऐकून ते लालबुंद झाले.

"येवढ्याशा कोंबडीले येवढा भाव?"

"तुमाले घ्याचीच नाही, तं तापता कायले?" रुखमाबाई म्हणाली.

"घ्याची नाही म्हनून काय लुटसान?"

दोघं हातघाईवर आली. गाव दोन्ही बाजूंनी ओरडू लागलं. नागोराव मधे पडले, तर त्यांचीच टोपी उडाली. तेवढ्यात ढाणकीला निघालेला मोहिउद्दीन कल्हईवाला सायकलवरून उतरला.

"इधर बाजार कबसे भरता?" त्यानं विचारलं.

"भरतच हाय की!" टोपी शोधता शोधता नागोराव म्हणाले.

मोहिउद्दीननं तिथंच भाता लावला. बाया भांडण अर्धवट टाकून घरी पळाल्या आणि काळीठिक्कर पातेली घेऊन आल्या. बोरवाडीच्या बाजारातला तो पहिला खरा धंदा. नागोराव भात्याशेजारी उकिडवे बसून चमकत्या पातेल्यांकडे असे बघत होते, जशी काही त्यांनीच कल्हई केली.

मोहिउद्दीननं ढाणकीत सांगितलं, "बोरवाडी का बाजार देखो. मुफ्त में तमाशा भी है."

पुढच्या मंगळवारी जैबुनबी बांगड्या घेऊन आली. मग गूळवाला आला, मग तांड्यावरचा धरमसिंग बैल घेऊन आला. गावकऱ्यांना ओरडायची सवय लागली होती, त्यामुळे बैलांचे भावही ते उगाच करत. एकदा त्या भरात रुखमाबाईनं कोंबडी खरोखरच विकली आणि रडत घरी गेली.

तीन-चार वर्षांत चिंचेखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. एसटीही तिथं थांबू लागली. एका मंगळवारी गर्दीत उभ्या असलेल्या नागोरावांना एका परगावच्या पाहुण्यानं विचारलं, "बाजार किती जुना असन हो?"

नागोराव तोंड उघडणार, तोच बाजूचा एक अनोळखी म्हातारा मधे बोलला, "लय जुना! मी लहानपनी आजाच्या खांद्यावर बसून येथीसाच येत होतो."

नागोरावांनी म्हाताऱ्याकडे डोळे फाडून पाहिलं. म्हातारा अगदी खरं बोलत असल्यासारखा दिसत होता.

"हो," नागोराव म्हणाले. "मले आठवते. तुमचे आजे लय भाव करत."