आमची आई वडील झाली

आमच्या गल्लीच्या टोकाचं प्रेस्बिटेरियन चर्च कौलांच्या कारखान्यातल्या अकरा कुटुंबांनी बांधलं. पाळी संपली की माणसं अंगावरची माती न धुताच पायाचे दगड रचायला यायची, असं जुने लोक सांगतात.

आमच्या पंथात बिशप नसतो. मंडळी मतं देऊन आपल्यातलेच काही जण निवडते. त्यांना ‘वडील’ म्हणतात, आणि पाळकसाहेबांबरोबर तेच कारभार पाहतात. सत्तर वर्षं हे वडील पुरुषच होते. त्यांत सगळ्यांत जुने घड्याळकाका. घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि स्वभावही तसाच: एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही.

एका रविवारी गीत चालू असताना छतातून मूठभर भुसा पाळकसाहेबांच्या उघड्या बायबलवर पडला. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने तुळया ठोकून पाहिल्या. “वाळवीने आतून पोकळ केल्यात,” तो म्हणाला. “दुरुस्ती होईपर्यंत इथे कुणी बसायचं नाही.”

अंगणातच सभा भरली. घड्याळकाका म्हणाले, “तोवर नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊ.”

“आणि ज्यांना इथवरसुद्धा चालवत नाही, त्यांनी?” मागून आईने विचारलं.

आईचं इस्त्रीचं दुकान होतं. कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय, हे तिला चादरींवरून कळायचं. तिने बोटांवर मोजत माणसं सांगितली: सुताराची आई, म्हातारा पोस्टमन, शाळेतल्या बाईंचा भाऊ... आठ झाली. “वर्षानुवर्षं ही माणसं उपासनेला आलेली नाहीत. दर रविवारी एकेकाकडे आपणच जाऊ या.”

“उपासना म्हणजे काय हळदीचं बोट आहे, घरोघर लावत फिरायला?” काका तडकले. “आणि हे ठरवायचं वडिलांनी. वडील या शब्दातच आलं, ते काम पुरुषाचं.”

“ठरवा की, काका. मी फक्त घरं सांगितली.”

पाळकसाहेब गालातल्या गालात हसले. बाकीच्या वडिलांनीही माना डोलावल्या.

पहिला रविवार पोस्टमनकडे. माणसं जिन्यावर बसली, पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई शनिवारीच जाऊन पलंगावर कडक इस्त्रीची चादर घालून आली होती. “आजारी माणसाला दुखण्यापेक्षा अंथरुणाची लाज जास्त वाटते,” ती मला म्हणाली. सुनेवर दिवसभर खेकसणारा तो पोस्टमन गीत सुरू होताच खर्जात असा गायला, की खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं दारात आली.

असं एकेक घर करत महिने गेले. आठ घरं झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नववं घर आईने कधीच उच्चारलं नव्हतं. ते घड्याळकाकांचं. सहा वर्षांपूर्वी काकूंचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून काकांनी कुणाला आतल्या खोलीत येऊ दिलं नव्हतं.

एके दुपारी काका चादरींचं गाठोडं घेऊन आईच्या दुकानात आले.

“शनिवारपर्यंत होतील?”

“होतील की.” आईने गाठोडं घेतलं. “रविवारी येऊ ना आम्ही?”

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

त्या रविवारी आम्ही काकूंच्या पलंगाभोवती दाटीवाटीने उभे राहिलो. त्यांच्या आवडीचं गीत काकांनीच सांगितलं. दुसऱ्या कडव्याला आईच्या शेजारून एक बारीक, चिरका आवाज आला. काकू गात होत्या. साधा पाणी हा शब्द ज्यांना फुटत नव्हता, त्या अख्खी ओळ म्हणत होत्या. आम्ही बाकीचे एकेक करून थांबलो. काकांच्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

अकराव्या महिन्यात छप्पर झालं. नव्या तुळयांखाली पहिल्याच सभेत वडिलांची निवडणूक होती. घड्याळकाका उठले आणि त्यांनी आईचं नाव सुचवलं.

“काका, तुम्हीच म्हणायचात ना, ते काम पुरुषाचं?” कुणीतरी विचारलं.

“म्हणायचो. चुकत होतो. वीस वर्षं मी वडील आहे. पण माझ्या घरात गाणं न्यायचं मला सुचलं नाही. हिला सुचलं.”

एकही हात खाली राहिला नाही. माझे बाबा बस डेपोत मेकॅनिक, ते मोठ्याने म्हणाले, “म्हणजे आता घरात वडील दोन! ऐकायचं कुणाचं, ते पोरीला आधीच सांगून ठेवा.” आई मात्र रडवेली झाली होती. “मला चार लोकांत बोलता येत नाही हो,” ती पाळकसाहेबांना म्हणत होती.

“मग आहात तशाच या,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी वडीलपदाच्या दीक्षेसाठी ती गुडघे टेकून बसली. सगळ्या वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले.

पहिल्या बैठकीत ती एकच वाक्य बोलली: महिन्यातला एक रविवार घरांसाठी राहू दे. चिटणीस म्हणून ठराव घड्याळकाकांनी लिहून घेतला, आणि मान वर न करताच विचारलं, “पहिलं घर कुठलं लिहू?”