एका विटेइतकी उंची

मित्रांनो, मी मुठीएवढा एक जुना हवेचा पंप आहे. स्वस्थ बसणं मला जमत नाही. लाईट आली की पोटातला रबरी पडदा थरथरतो आणि नळीतून बुडबुडे सुटतात.

परभणीत दत्तोपंतांच्या बैठकीत मी सहा वर्षं काचेच्या टाकीतल्या माशांना हवा पुरवली. पाहुणे माशांचं कौतुक करत; माझ्याविषयी एवढंच विचारत, की हा आवाज बंद होत नाही का? मासे संपले आणि मी सेलूला सुगतच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो.

सुगत सर्किट बोर्ड स्वतः बनवतो. तांबं चढवलेल्या पाटीवर मार्करने रेघा ओढतो आणि पाटी टेबलावरच्या टबातल्या तपकिरी द्रावणात उभी करतो. द्रावण उघडं तांबं खातं, रेघांखालचं राहतं. स्थिर द्रावणाला पाऊण तास लागतो. मी बुडबुड्यांनी घुसळलं की पंधरा मिनिटं. इथं मला पहिल्यांदा मान मिळाला.

जागा मात्र फरशीवर. टेबलावर माझ्या थरथरीनं स्क्रू घरंगळत. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाईट जाताच पाणी नळीतून उलटं येईल, असं माझ्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं. पण असा कागद वाचणं आपल्याकडे कमीपणाचं.

एके दिवशी केशरबाईंच्या अंडी उबवायच्या पेटीचा बोर्ड जळाला. अंडी शंभर, दिवस विसावा; एकविसाव्याला पिल्लं निघतात. सकाळपासून त्या थर्मामीटरवर डोळा ठेवून बल्बचं बटण हाताने चालू-बंद करत होत्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"सुगत बाबा, बोट सुन्न पडायलंय. अन् अंड्यातून टकटक आयकू यायलीय."

"पंधरा मिनिटं, मावशी. नवा बोर्ड द्रावणात आहे, पंप लावलाय."

आठव्या मिनिटाला लाईट गेली. त्यांच्या पेटीला बॅटरी होती, मला नव्हती. द्रावण नळीत चढलं, काठोकाठ भरलेल्या टबाची कड ओलांडून खाली आलं आणि थेट माझ्या पोटात. सुगत फोनवर धीर देत होता. शांतता त्याच्या उशिरा लक्षात आली. त्यानं नळी उपटली आणि पाव तास दोन्ही हातांनी टब हलवत बसला.

बोर्ड वेळेत बसला. ब्याऐंशी पिल्लं निघाली. "तुझ्या हाताला यश हाय," केशरबाई म्हणाल्या. हाताला.

माझा पडदा गेला. सुगतनं मला धुतलं, पुसलं आणि सर्वांत वरच्या फळीवर मानानं ठेवलं. खाली माझ्या जागी नवा पंप थरथरतोय. फरशीवरच. लाईट जरा लुकलुकली की माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, निकामी झाल्यावर फळी सगळ्यांनाच मिळते. टेबलाशेजारी टबाच्या कडेइतकं उंच एक स्टूल रिकामं पडलंय, त्यावर एक वीट ठेवा, विटेवर त्याला. तो चालू आहे तोवर.