जायफळाचा एक वेढा

मी सहाण बोलतेय. हो, तीच, जिच्यावर तान्ह्या बाळाची गुटी उगाळतात. आधीच सांगून ठेवते, माझा कोणाच्याही हातावर विश्वास नाही.

मालूबाईंच्या आईने मला इच्छापूरच्या यात्रेत घेतलं. चार सहाणा पालथ्या करून, वाजवून मग मला निवडलं. माझा संशयी स्वभाव तिच्याकडूनच आला असावा. फोपनार गावी माझ्यावर मालूबाईंची तीन लेकरं वाढली. धाकट्या ललितला बुऱ्हाणपुरात गोटू झाला, तेव्हा त्या मला लुगड्यात गुंडाळून इथे घेऊन आल्या.

गुटीत हिरडा, वेखंड, मुरडशेंग यांचे दोन-दोन वेढे चालतात. जायफळाचा मात्र एकच, कारण त्याने गुंगी येते. म्हणून जायफळाकडे वळणारं प्रत्येक बोट मी नीट पाहून घेते.

गोटू तीन महिन्यांचा आणि भारी रडका. मांडीवर घेतलं की खुदकन हसायचा, खाली ठेवलं की टाहो फोडायचा. तो हसला की आजी, आई, बाप, घरातली तिघंही सगळं विसरायची. पण हसणं घटकाभर आणि रडणं दिवसभर.

त्या सोमवारी सकाळी मालूबाईंनी जायफळ फिरवलं. एक. मग दाराकडे पाहिलं. दोन, तीन. केळफूल निवडायचं पडलं होतं ना! मला तेव्हाच शंका आली.

दहाच्या सुमाराला सून रंजिता आली, बांगड्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरून. बांगड्या धरून येणारा हात कधी सरळ नसतो. शाळेने रजेतही तपासायला पेपर पाठवले होते. तिने जायफळाचे दोन वेढे दिले.

दुपारी ललित केळीच्या मंडीतून जेवायला आला. गोटू किरकिरत होता. ह्या गड्याला जायफळ धरायचं कसं तेही माहीत नाही! "फक्त अर्धा तास, गोटूशेठ," असं पुटपुटत त्याने पाच वेढे घासले. मी ओरडले असते, पण दगडाला तोंड कुठलं?

चार वाजता रंजिता किंचाळली, "आई, गोटू उठूनच नाही राहिला!"

तळपायाला टिचक्या मारल्या. दूध पाजून पाहिलं, तर ते ओठांतून बाहेर आलं. ललितने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाळाला जे चाटवलं ते घेऊन या," असं त्या म्हणाल्या, म्हणून मीही मालूबाईंच्या मांडीवर बसून रिक्षाने निघाले.

"आई, जायफळ जास्त तर नाही ना झालं?" रंजिताने विचारलं.

"मी? चाळीस वर्सं झाली, उगाळून राहिली मी. तूच सांग काय दिलं ते!"

"ललित, तुम्ही?"

"मला तर येतच नाही ते."

तिघंही एकमेकांकडे चोरासारखी बघत होती. दवाखान्यातही तेच. एकच वेढा, नाही दिलं, माहीत नाही. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "बाळाचा श्वास मंद चाललाय. खरं सांगा!"

आधी रंजिता कोसळली. "दोन दिले, मॅडम. पेपर राहिले होते. मला नुसतं बसायचं होतं जरा."

ललितची मान खाली गेली. "पाच."

मालूबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "तीन. मीबी दिले. थकली होती मी."

दहा वेढे! मला त्या तिघांचाही राग आला आणि तिघांची कीवही आली. एकाच घरात तीन माणसं दमली होती आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटू जागा झाला आणि त्याने असा टाहो फोडला की शेजारच्या खाटांवरची बाळंही रडायला लागली. त्याच रडण्याला कंटाळलेली ही तिघं, ते ऐकून एकमेकांना धरून रडली.

गुटी डॉक्टरीणबाईंनी बंद केली. आता मी देवघरात असते, गंध उगाळायला. गोटू रांगतो आणि अजूनही रडतो. "आई, मी थकून गेली, घ्या याला," असं रंजिता सरळ सांगते. "आण इकडं," म्हणत मालूबाई हात पुढे करतात. तुमच्या घरी बाळ असेल तर एवढंच करा, दमलात की तोंडाने सांगा. माझ्याकडे येऊ नका.

पाडव्याला श्रीखंडासाठी मालूबाईंनी जायफळ माझ्यावर टेकवलं. पाहते तर रंजिता आणि ललितही दारात येऊन उभे. मालूबाईंनी एक वेढा फिरवला, मोठ्याने म्हणाल्या, "एक," आणि हात धुऊन टाकला.