मोतुफोलिकीचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. निदान मी तरी स्वतःला असं म्हणतो. कॉलेजच्या यादीत माझी नोंद ‘नादुरुस्त, नग एक’ अशी आहे. समुद्रातल्या एका बेटावरच्या सुवा शहरातल्या एका कॉलेजात, जिन्याखालच्या अडगळीत, दोन मोडक्या खुर्च्या आणि एक गंजका पंखा यांच्या शेजारी मी पडून असतो. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे. इथल्या दमट हवेने काचेला आतून बुरशी धरली आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदावरची बुरशी पुसली आणि शेवटी ती माझ्याच डोळ्यात वाढली. कुणाला दोष द्यायचा?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली एकच गोष्ट आठवते. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच उजेडापुढे धरली, एक डोळा मिटून निरखली आणि मान डोलावली. ते मला मिळालेलं पहिलं कौतुक. पुढे खोक्यात बंद होऊन, जहाजाच्या पोटात डुलत मी इथे आलो. जगरूपकाकांनी खोक्याची चिकटपट्टी भाजीच्या सुरीने कापली. त्यांच्या बोटांना रोटी-लोणच्याचा वास होता, तो मला पहिल्याच दिवशी आवडला.

जगरूपकाका हे आमच्या प्रयोगशाळेचे राखणदार. खोली दुसऱ्या मजल्यावर, दारावर पाटी ‘डिजिटल माध्यमे आणि ग्राफिक डिझाइन’. हा इथला उपविषय होता. कुणी मुख्य विषय म्हणून शिक्षणशास्त्र घेई, कुणी समुद्रविज्ञान, आणि जोडीला हा. त्यामुळे इमारतीत आमच्या खोलीतल्या मुलांना ‘शेपटीवाले’ म्हणत. खालच्या मजल्यावरचे प्राध्यापकही जिन्यात भेटले की विचारत, “काय, कुठपर्यंत वाढली शेपटी?” मुलं हसण्यावारी नेत. मला मात्र राग यायचा.

माझ्या काचेवर काय काय आलं म्हणून सांगू! नेच्याची पानं, आईच्या लग्नातला फोटो, चटईच्या विणीचा तुकडा, बसची तिकिटं, आजोबांचं आगबोटीवरच्या नोकरीचं प्रमाणपत्र. एका पठ्ठ्याने तर स्वतःचा गालच दाबून ठेवला होता. मी सगळ्यांवरून माझा दिवा सारखाच फिरवला. कागद माझ्याकडे तोंड करून पालथा पडतो, म्हणून लोकांना दिसत नाही ते मला दिसतं. पेन कुठे जोरात टेकलं, कुठे थांबलं, कुठे हात थरथरला, सगळं.

पण माझं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. माझ्याबरोबर जो प्रोग्राम आला होता त्यात एक चौकोन होता, ‘धूळ व डाग काढा’. त्यात खूण केली की मी फोटोवरचे ठिपके, ओरखडे, कसरीची भोकं सगळं झटक्यात नाहीसं करायचो. मुलं टाळ्या वाजवायची. “काका, तुमचा स्कॅनर जादूगार आहे!” हे ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू, मित्रांनो? मला डाग खाण्याची चटक लागली होती.

जगरूपकाकांना ते पसंत नव्हतं. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते रोज सांगत. “आधी जसं आहे तसं घ्या. घाण, डाग, सुरकुत्या, सगळं. ती पहिली प्रत बाजूला ठेवा. मग दुसऱ्या प्रतीवर हवी तेवढी रंगरंगोटी करा.” मुलं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करीत. मोठ्या आकारात घेतलं तर मला एकेका प्रतीला वीस मिनिटं लागत. कोण दोनदा थांबणार?

आता फियालुपेची गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते, पण ती सांगण्यासाठीच हे सगळं सुरू केलं आहे.

फियालुपे दूरच्या तुवालू बेटांवरची. घरचे तिला लुपे म्हणत. आजीआजोबा, आईवडील सगळे सुवात राहायला आलेले. ती शिकत होती मास्तरीण व्हायला आणि उपविषय घेतला आमचा. तिचे वडील सोलोमोना जहाजावरून निवृत्त झालेले, आवाज वादळातल्यासारखा. एकदा ते तिला न्यायला वर आले होते. तिने केलेली चित्रं त्यांनी मान तिरकी करून पाहिली.

“मास्तरकी शिकायला घातली ना तुला? मग हे काय, बाहुल्या रंगवायचं?”

“बाबा, डिझाइन आहे ते.”

“असेल, असेल. पण त्याने पोट भरत नाही आणि बोटही चालत नाही. पुढल्या वर्षी बंद कर हे सगळं.”

लुपेने चित्रं गोळा केली. पण त्या दिवसापासून वडिलांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवायचं तिने मनात धरलं, एवढं मला तिच्या कामावरून कळत होतं.

मग तिचे आजोबा गेले. पेताइया त्यांचं नाव. शुक्रवारी दुपारी लुपे धापा टाकत वर आली. हातात ओल्या टॉवेलच्या आत प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकच्या आत एक कागद. बाहेर पाऊस होता. खाली टॅक्सीत तिचा चुलतभाऊ हॉर्न वाजवत होता.

“काका, उद्या सकाळी दफन आहे. हा नकाशा आजोबांच्या शवपेटीत ठेवायचा ठरलंय. त्यांनीच काढला होता ना. आजी म्हणाली, आधी आपल्या लुपेकडून प्रत करून घ्या, ती तेच शिकते.”

हे शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज जरा वर गेला. घरात पहिल्यांदाच तिच्या ‘शेपटी’ची कुणाला तरी गरज पडली होती.

तो नकाशा चर्चच्या एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला होता, बॉलपेनने. आजोबांनी तो सुवात बसून आठवणीने काढला होता. त्यांच्या गावचं खारं सरोवर, भोवतीची प्रवाळाची कड, कडेवरची एकोणीस बेटं. अठरा बेटांना आकार होता, नाव होतं. एकोणिसावं नुसता ठिपका. ते मोतुफोलिकी. भात शिजेपर्यंत फेरी मारून यावं एवढंच ते बेट, सात माड आणि एक घर. त्या घरात लुपेची आजी मातालेना जन्मली होती. तिच्या तरुणपणी एका वादळाने बेट नेलं. माड नेले, घर नेलं, वाळूही नेली. आता तिथे फक्त पाणी आहे. जगात ते बेट उरलं होतं ते त्या ठिपक्यात. हे सगळं मला पुढे कळलं.

त्या दिवशी मला काय दिसलं? कागदभर बुरशी. काळे, तपकिरी, हिरवट, शेकडो ठिपके. सुवात कागद टिकत नाही, तुम्हाला काय सांगायचं. लुपे नकाशाकडे बघत राहिली. मग तिने ‘धूळ व डाग काढा’च्या चौकोनात खूण केली.

जगरूपकाका कोपऱ्यात डबा खात होते. “पोरी, आधी जसं आहे तसं घेतलंस ना?”

खालून हॉर्न वाजला.

“हो काका, घेतलं,” लुपे म्हणाली.

तिने घेतलं नव्हतं. तिला एकच प्रत घ्यायची होती, स्वच्छ, चकचकीत, वडिलांना दाखवण्याजोगी.

मित्रांनो, लुपेला दोष देणं सोपं आहे. पण मला काय झालं होतं? माझा दिवा त्या ठिपक्याखालून गेला. बुरशी कागदावर बसते, पण तो ठिपका कागदात रुतला होता. आजोबांनी पेन टेकवून, दाबून, दोनदा फिरवलं होतं. कागदाला तिथे खळगा पडला होता. मला तो दिसला. बाकीच्यांसारखा हा नाही, एवढं मला कळलं. आणि तरी मी त्याला इतर डागांबरोबर पुसून टाकलं. मला कौतुकाची घाई झाली होती. आजही ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

शनिवारी नकाशा आजोबांच्या छातीवर, त्यांच्याबरोबर मातीआड झाला.

लुपेने आठवडाभर त्या प्रतीवर काम केलं. पाणी निळं केलं, बेटांची नावं वळणदार अक्षरांत लिहिली आणि माणसाच्या उंचीच्या कापडावर नकाशा छापून घेतला. कॉलेजात तिला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “किती सफाईदार काम!” रविवारी ते कापड त्यांच्या चर्चच्या सभागृहात लावलं. सोलोमोनांनी म्हणे सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माझ्या मुलीने केलंय.”

मग मातालेना आजी पुढे झाल्या. त्यांनी प्रवाळाच्या कडेवर बोट ठेवलं आणि एकेक बेटाचं नाव घेत बोट सरकवू लागल्या. लोकही बरोबर म्हणू लागले. अठरा नावं झाली. बोट पुन्हा पहिल्या बेटाशी आलं. आजींनी परत सुरुवात केली. दुसऱ्यांदाही अठराच.

“लुपे, माझं घर कुठाय गं?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आजी स्वतः आमच्या खोलीत आल्या. दोन मजले चढून, प्रत्येक पायरीवर थांबत. एका बाजूला लुपे, दुसऱ्या बाजूला सोलोमोना. लुपेचे डोळे सुजले होते. तिने जगरूपकाकांना सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो, हेही सांगितलं.

काका रागावले नाहीत. ते आधी माझ्याकडे धावले. “थांब, थांब. पूर्वदृश्य! खरी प्रत घेण्याआधी हा एक लहान चित्र घेतो. ते साफ करत नाही. जसंच्या तसं असतं!”

त्यांनी कळा दाबल्या. सगळे पडद्याकडे वाकले. पडद्यावर बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन आलं.

मी पूर्वदृश्य एकच ठेवू शकतो, मित्रांनो. नवीन आलं की जुनं जातं. शुक्रवारी दुपारपासून पुढचे दोन दिवस मोतुफोलिकी माझ्याजवळ होतं, बुरशीसकट, खळग्यासकट, शाबूत. खोलीला कुलूप होतं. मी दोन दिवस ते पोटात घेऊन बसलो होतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता एका मुलाने माझ्यावर बिस्किटाचं वेष्टन ठेवलं आणि बेट गेलं; पुढे आठवडाभर माझ्यावर दुसरं काही आलं नाही. आजी आल्या त्या त्यानंतरच्या सोमवारी. त्यांना एक आठवडा उशीर झाला होता.

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हाच का तो? एवढासा दिसतो, पण भूक दांडगी दिसते मेल्याची. अख्खं बेट गिळून बसलाय.”

कुणी हसलं नाही. त्या स्वतः मात्र थोडं हसल्या, लुपेला बरं वाटावं म्हणून.

“आजी, तू सांग कुठे होतं ते, मी परत काढते,” लुपे म्हणाली. तिने नकाशा पडद्यावर मोठा केला.

आजींनी बोट टेकवलं. “इथं. नाही, थोडं वर. आमच्या दारात उभं राहिलं की चर्चची घंटा उजव्या कानाला ऐकू यायची. म्हणजे इकडं.” बोट सरकलं. “पण मग वारा... वारा इकडून लागायचा...”

“आई, अजून अलीकडे असेल,” सोलोमोना म्हणाले. त्या दिवशी त्यांचा वादळी आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“तुला काय माहीत? तू तेव्हा जन्मला तरी होतास का?” आजी खेकसल्या. “पेताइयाला विचारा. त्याला नक्की ठाऊक आहे. तो मला न्यायला तिथं नाव घेऊन यायचा.”

बोलून गेल्यावर त्या थांबल्या.

लुपेने हातातली पेन्सिल तशीच धरली होती. “आजी, मी अंदाजाने टाकू का?”

“नको,” आजी म्हणाल्या. “चुकीच्या जागी टाकलंस तर घरी जाताना मी चुकेन.”

त्यांनी पडद्यावरचा हात काढून लुपेच्या डोक्यावर ठेवला. मग ती तिघं जिना उतरून गेली. मी झाकण उघडं टाकून तसाच बसलो.

लुपेने तो उपविषय पूर्ण केला. सोलोमोनांनीच करायला लावला म्हणे. जाण्याच्या दिवशी तिने जाड पेनने माझ्या झाकणावर लिहिलं, ‘आधी जसं आहे तसं’. पुढे काही वर्षं मुलं ते वाचत आणि वीस मिनिटं थांबत. जगरूपकाका निवृत्त झाले. माझा दिवा मंद झाला, नवी यंत्रं आली आणि मी जिन्याखाली आलो. ती अक्षरं आता ओलीने पसरली आहेत. सभागृहात तो नकाशा अजून आहे, अठरा बेटांचा. आजी गेल्या, त्यांना वाट सापडली की नाही हे मला कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल, डागाळलेला, कुरतडलेला. तो स्वच्छ करायची हौस तुम्हालाही येईल. जरूर करा, पण आधी त्याला आहे तसा जपा. आणि एखादा डाग पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारून शेजारी बसवा, त्या डागावर बोट ठेवा आणि विचारा, “हे काय आहे?” माझ्याकडे दिवा होता, काच होती, पुरते दोन दिवस होते. विचारायला तोंड तेवढं नव्हतं. तुम्हाला ते आहे.