माझ्या पोटात कुणी बाई नाही

मी रांजण बोलतोय. पोटातून बोलतो म्हणून आवाज जरा घुमतो, तेवढ्यावरून भिऊ नका. आधीच पुष्कळ लोक मला भ्यायलेत, आणि तेही फुकट. माझ्या पोटात लांब केसांची कुणी बाई राहत नाही. पाणी राहतं, गार असतं. एक पेला पिऊन घ्या, मग पुढचं ऐका.

माझा जन्म कैरोतल्या फुस्तातच्या कुंभारवाड्यातला. मला घडवणारा कुंभार तोंडाचा भारी फटकळ. चाकावर मी जरा कुठे कललो की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, पण हात मात्र मऊ होता. भट्टीतून निघालो तेव्हा त्याने बोटाच्या पेराने मला टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "हा बोलका निघाला." त्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून तर एवढं बोलतोय.

मला न्यायला आली ती इन्साफ. नुकतीच विधवा झालेली, काळ्या कपड्यातली, ठेंगणी, कुणाच्या बापाला न भिणारी बाई. नक्षीच्या रांजणांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांत पाणी भरायला लावलं आणि उन्हात बैठक मारून बसली. ज्याच्या अंगाला सगळ्यांत आधी घाम फुटला तो मी.

"हा देऊन टाक," ती कुंभाराला म्हणाली. "माझा नवराही असाच होता. सकाळपासून घामाघूम."

तिचा नवरा मितवल्ली, इस्त्रीवाला. त्याच्या बंद दुकानापुढे तिने मला लोखंडी घडवंचीवर बसवलं. डोक्यावर लाकडी झाकण, साखळीला जस्ताचा पेला, आणि शेजारी पाटी: 'मरहूम मितवल्ली इस्त्रीवाला यांच्या नावाने. पाणी प्या, फातिहा म्हणा.' आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने रस्त्यावर पाणी ठेवतात. येणारा-जाणारा पाणी पितो, जाता जाता गेलेल्यासाठी प्रार्थना पुटपुटतो, आणि जेवढ्या लोकांची तहान भागते तेवढं पुण्य त्याच्या पदरात पडतं. ही माझी नोकरी. मी ती इमानाने करत आलोय, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

मितवल्लीला मी कधी पाहिलं नाही. पण त्याची सगळी कुंडली मला तोंडपाठ आहे, ती समोरच्या करमच्या कॉफीखान्यामुळे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी वाचकांचं मंडळ भरतं. ते मितवल्लीनेच सुरू केलेलं. मंडळाचा देव एकच, सफिनाझ हिल्मी. या बाईंच्या भुताखेतांच्या कादंबऱ्या इथे फुटपाथवर शेंगदाण्यांसारख्या खपतात, आणि कादंबरी आली की मागोमाग तिच्यावर सिनेमा येतोच. मितवल्ली एका हातात इस्त्री आणि एका हातात सफिनाझबाई घेऊन उभा राहायचा. प्रकरण रंगात आलं की इस्त्री जागच्या जागी थांबायची. गल्लीतल्या बऱ्याच सदऱ्यांवर अजून तिचा तपकिरी ठसा आहे, आणि कुठला ठसा कुठल्या कादंबरीचा हे लोक हौसेने सांगतात.

आता मंडळात जोर दोघांचा. एक उस्ताद वगदी. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, नाकाने कांदे सोलणारे, पक्के पुस्तकवाले. दुसरी रिहाब. दवाखान्यात नर्स आहे, जिभेला हाड नाही, आणि पक्की सिनेमावाली.

"पुस्तकातलं भूत दिसत नाही, म्हणून झोप उडते," उस्ताद म्हणायचे.

"आणि सिनेमातलं?"

"सिनेमातलं भूत लग्नात नाचतं."

"उस्ताद, एकाच सिनेमात नाचलं हो. किती वर्षं तेच उगाळणार?"

"पोरी, एकदा नाचताना पाहिलेल्या भुताला पुन्हा कोण भिणार? उद्या माझ्या स्वप्नात आलं तर मीच त्याला टाळ्या वाजवीन."

"तुमच्या स्वप्नात यायला त्याला आधी चारशे पानं वाचावी लागतील."

असं चालायचं. माणसांची एक गंमत मी तिथेच शिकलो. ज्याने पुस्तकही वाचलेलं नसतं आणि सिनेमाही अर्धाच पाहिलेला असतो, तो सगळ्यांत मोठ्याने बोलतो. आणि वाद तापला की घसे सुकतात. मग बोलता बोलता एकेक जण उठून रस्ता ओलांडायचा, पेला बुडवायचा, प्यायचा, तोंड पुसत पुसत पुढचा मुद्दा मांडायचा. उस्तादांना तर आपण पाणी प्यालो हेसुद्धा कळायचं नाही. इन्साफ दुकानाच्या पायरीवर बसून हे बघायची. तिला भुतांच्या गोष्टींत काडीचा रस नव्हता. पण प्रत्येक पेल्याबरोबर तिचेही ओठ हलायचे.

एकदा खुद्द सफिनाझबाई मंडळात आल्या. साध्याच होत्या, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. माझं पाणी पिऊन त्यांनी पाटी वाचली, आणि इन्साफच्या शेजारी पायरीवर बसून मितवल्लीबद्दल पुष्कळ विचारलं. नंतर कादंबरी आली, 'पेला कोण उचलतं?' तिच्यात एक रांजण. संध्याकाळी आसपास कुणी नसताना त्याच्या पेल्याची साखळी आपोआप वाजते. लोक पळतात. आणि अगदी शेवटच्या पानावर कळतं की तिथला मेलेला माणूस कुणाला धरायला येत नाही. पाणी प्या, एवढंच विनवायला येतो बिचारा.

इन्साफने ते पुस्तक वाचलं. आयुष्यातलं तिचं हे पहिलंच भुताचं पुस्तक. मिटल्यावर उराशी धरून बसली. "सदरे जाळलेस मेल्या, पण शेवटी पुस्तकात जाऊन बसलास," म्हणाली. त्या दिवसांत मला दोनदा भरावं लागे, इतके लोक येत. मी तर फुगून टुम्म झालो होतो.

मग ईदला सिनेमा आला.

सिनेमात शेवटचं पान नव्हतं. त्याऐवजी रांजणातून एक बाई निघत होती. लांब ओले केस, हातभर नखं, आणि पाणी प्यायला वाकलेल्या माणसाला ती मानेला धरून आत ओढायची. अहो, माझं तोंड केवढं! त्यातून उशी आत जायची नाही, सबंध बाई कुठून निघणार? पण घाबरलेल्या माणसाशी हिशेबाने कोण बोलणार? सिनेमा जोरात चालला, आणि माझं नशीब फिरलं. आया पोरांना पलीकडच्या कडेने नेऊ लागल्या. कुणीतरी माझ्या बुडाशी मीठ टाकलं. दुसऱ्या मोहल्ल्यांतून लोक फोटो काढायला येत, माझ्या गळ्यात हात टाकत, किंचाळल्यासारखं तोंड करत, आणि जाताना करमकडून बाटलीबंद पाणी घेत. त्यातल्याच एकाच्या धक्क्याने माझ्या काठाचा टवका उडाला. ते मला लागलं नाही. एवढं फोटोबाज माणूस तहानलेलंच परत गेलं, ते लागलं.

खालच्या परातीत माझे थेंब पडतात, ते तेवढे मांजरं पीत राहिली. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता.

इन्साफ रोज सकाळी मला भरायची. संध्याकाळी झाकण काढून आत हात घालायची. बोटं टेकवताच पाणी लागायचं, सकाळी होतं तिथेच. शिळं पाणी रस्त्यावर ओतून द्यायची आणि हात ओढणीला पुसायची. एका संध्याकाळी मात्र माझ्या काठावर डोकं टेकून म्हणाली, "तू तहानलेला राहिलास रे मितवल्ली. माझ्यामुळे. कशाला मी त्या बाईला सगळं सांगत बसले?" मला हात असते तर मी तिच्या पाठीवरून फिरवले असते.

असेच महिने गेले. रमजान जवळ आला तेव्हा नदीकाठच्या रोपवाल्याने मला मागितलं, पुदिना लावायला. मी आणि पुदिना! इन्साफ त्याला म्हणाली, "रमजानचा पहिला गुरुवार जाऊ दे. दिवसभराच्या उपाशी-तान्हेल्या माणसानेही याला शिवलं नाही, तर शुक्रवारी गाडी घेऊन ये."

रमजानमध्ये मंडळ सूर्यास्ताआधी भरतं. कॉफीखाना बंद असतो, पण करम खुर्च्या मांडून देतो. अजान झाली की खजूर आणि पाणी, मग जो तो आपल्या घरी जेवायला, ही मितवल्लीच्या वेळची रीत; मी आल्यापासून पाणी माझं. रोजा सोडणाऱ्याला पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही म्हणतात. इन्साफने त्या दिवशी मला आतून-बाहेरून घासलं, काठोकाठ भरलं, शेजारी खजुरांचं ताट ठेवलं.

अजान झाली. सगळ्यांनी खजूर उचलले. सगळ्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. आणि सगळे खजूर चघळतच राहिले.

इन्साफने साखळीतून पेला सोडवला, भरला आणि रस्ता ओलांडून मंडळापुढे उभी राहिली. तेवढ्यात उस्ताद वगदींनी पिशवीत हात घातला. बाहेर निघाली बाटली.

"उस्ताद," इन्साफ म्हणाली, "तुम्ही तर पुस्तकवाले ना?"

उस्तादांनी मान खाली घातली. "वहिनी, वाचलं मी पुस्तकच. पण पाहिला सिनेमा. दिवेलागणीला डोळ्यांपुढे तोच येतो. माझं वय बघा आणि माझी लायकी बघा."

कुणी हसलं नाही. मी आत गच्च भरलेला होतो आणि मला पहिल्यांदाच ते भरलेपण ओझं वाटलं. संपलं, म्हटलं. पुदिना.

तेव्हा रिहाब बोलली. खजुराची बी बाजूला टाकत, अगदी सहज. "खरं सांगू का उस्ताद, सिनेमाचा शेवटच बरा आहे. पुस्तकाचा शेवट काय, मिळमिळीत. मेलेला माणूस येतो काय, पाणी प्या म्हणतो काय. यात भीती कुठेय?"

उस्तादांची मान वर आली. "मिळमिळीत?"

"मिळमिळीतच."

"अगं पोरी, तुला वाचता येतं का? सगळं पुस्तकभर तो साखळी वाजवतोय आणि आपण त्याला भितोय, आणि शेवटच्या पानावर कळतं की घाबरलेला तो आहे! कुणीच प्यालं नाही तर आपण पुसले जाऊ, म्हणून घाबरलाय. याहून भयंकर काय असतं?"

"नखं असतात. सिनेमात आहेत."

"नखं काय वाण्याच्या मांजरालाही आहेत!" उस्ताद उभे राहिले. त्यांचा वर्गातला आवाज लागला. नखांच्या भीतीने माणूस एकदा किंचाळतो आणि विसरतो, म्हणाले. पण विसरलं जाण्याची भीती थडग्यातही सुटत नाही, ते लिहायला सफिनाझ हिल्मीच पाहिजे, म्हणाले. मितवल्ली असता तर तुझा सदरा इस्त्रीखाली धरला असता, असंही म्हणाले. दिवसभराचा कोरडा घसा, बोलता बोलता चिरकला. त्यांनी इन्साफच्या हातातला पेला घेतला, घटाघट रिकामा केला, तोंड पुसलं, आणि बोट उगारलं. "आणि दुसरा मुद्दा..."

पण मुद्द्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"उस्ताद," रिहाब म्हणाली, "प्यालात."

उस्तादांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जागच्या जागी होतो.

"प्यालो खरा," ते म्हणाले. पेला इन्साफकडे देऊन त्यांनी हात पसरले आणि फातिहा म्हटली, मितवल्लीचं नाव घेऊन, मोठ्याने. "काय गार आहे. अजून एक द्या, वहिनी."

"व्हा बाजूला, आता माझी पाळी," म्हणत रिहाब पुढे झाली आणि जाता जाता इन्साफला तिने डोळा मारला. मग खुर्च्या सरकल्या. करम प्याला, शेजारचा भाजीवाला प्याला, रस्त्याने जाणारे थांबले, काय वाटतायत म्हणून विचारत तेही प्याले. पोरं आधी कडेला उभी राहिली, मग आत डोकावून मोठ्याने हाका मारायला लागली, आणि बाईने ओ दिली नाही म्हणून हिरमुसली.

शुक्रवारी रोपवाला आला तसा गेला. मी आहे तिथेच आहे. काठाचा टवका उडालेला आहे, बुडाशी शेवाळ आहे, अंगावर कुणी चिकटवलेल्या सिनेमाच्या पोस्टरचा डिंक अजून निघत नाही. मंडळात अजूनही पुस्तक बरं की सिनेमा बरा याचा निकाल लागलेला नाही, आणि लागू नये हीच माझी प्रार्थना. भांडा. घसे सुकवा. फक्त ज्याचा पेला उचलाल त्याचं नाव घ्यायला विसरू नका.

त्या गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर इन्साफने झाकण काढलं आणि रोजच्यासारखा आत हात घातला. बोटांना पाणी लागलं नाही. मनगट गेलं, कोपर गेलं. ती टाचा उंचावून वाकली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा कुठे तिची बोटं माझ्या कोरड्या तळाला टेकली. तशीच वाकलेली राहिली ती, गाल माझ्या काठाला लावून.

"भागली का रे तहान?" तिने आत तोंड करून हळूच विचारलं.

मी रिकामा होतो. तरी परातीत एक थेंब पडला.