सहा तास चाळीस मिनिटं

मी दुसरं घड्याळ बोलतोय. पहिलं माझ्या शेजारीच टांगलंय, ते इथली वेळ दाखवतं. मी तिकडची दाखवतो. तिकडची म्हणजे या घरातली लेक, चिमणी, नोकरीसाठी राहते त्या शहराची. इथल्याहून अडीच तास पुढे.

कारखान्यात आम्ही सगळे सारखेच होतो. चार वर्षांपूर्वी चिमणी गेली, त्याच आठवड्यात बाबांनी मला विकत आणलं, काटे पुढे सरकवले आणि खाली चिठ्ठी चिकटवली: ‘अंतर ४,९०० कि.मी. तिकडून इकडे विमानाने ६ तास ४० मि.’ बाबांनी उभा जन्म बस डेपोत वेळापत्रकं आखली. एक मिनिट इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही.

“आशियाची दोन टोकं,” येईल त्याला ते ऐकवत, “पण सहा तास चाळीस मिनिटं फक्त! मनात आलं की आलीच.”

ती काही आली नाही. आईची धाकटी बहीण मात्र नऊ तास बसचे धक्के खात वर्षातून तीनदा येते. तिच्या गावाचं अंतर कुणी भिंतीवर लिहिलं नाही.

फोन कधी करावा हे कळायला मला आणलं होतं. माझ्याकडे बघून ठरायचं, तो कधी करू नये. आईने फोन हातात घेतला की बाबा मान वर करत. “अगं, आत्ता ऑफिसात असेल.” मग, “आत्ता जेवत असेल.” मग, “झोपली असेल, ठेव.” चोवीस तास फिरून एक मोकळा तास मला दाखवता येईना.

गेल्या महिन्यात चिमणीचाच फोन आला. “काही नाही गं आई, बारीक ताप आहे. आठ दिवस झाले.” ती एकटी राहते. फोन ठेवून आई तिथेच उभी राहिली.

“बरं वाटलं की येईल,” बाबा म्हणाले. “सहा तास चाळीस...”

“अहो, विमान काय एकाच दिशेला उडतं?”

बाबांनी माझ्याखालच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग सवय सुटेना म्हणून बोलले, “जाताना वारा पाठीशी असतो. सहा तास दहा मिनिटंच लागतात.”

“म्हणजे अर्धा तास कमीच! आणि हे चार वर्षं पोटात ठेवलंत?”

पाचव्या दिवशी शेजारणीची बॅग घेऊन आई निघाली. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला.

“ताप आहे अजून. पण दोन घास जेवली. बोला तिच्याशी.”

बाबांची मान वर आली. “आत्ता तिची झोपायची...”

“बाबा, बोला ना!”

बाबांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ बोलले. किती, ते त्यांनीही मोजलं नाही.

घड्याळाच्या जन्माला येऊन हे सांगू नये, पण सांगतो. तिकडे किती वाजलेत ते मला विचारू नका. तिलाच विचारा.