तेविसावा नग

भातुकलीतला टोप रिकामा पाठवला, त्याच्या तिसऱ्या दिवशी आमचे हे त्यात सापडले. तपासणी कार्यालयातून फोन आला.

"यादीत बावीस नग आहेत, पेटीत तेवीस निघाले," तिथल्या नार्वेकर मॅडम म्हणाल्या. "तेविसावा बोलतो."

मी मागे वळून पाहिलं. यांची लाकूड कातायची लेथ फिरत होती. समोरच्या पाटावर फक्त यांचा चष्मा होता. मी लेथ बंद केली.

चूक माझी. सावंतवाडीत आमच्या घरातून लाकडी भातुकली बाहेर जाते तेव्हा टोपात तांदळाचे चार दाणे घालायचे, हा सासूबाईंपासूनचा रिवाज. रिकामं भांडं कुणाच्या घरी द्यायचं नाही. पण ही भातुकली देशाच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात परदेशी जाणार होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की मुलाच्या तोंडात जाईल अशी बारीक सुटी वस्तू आत नसावी. मी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. यांना न सांगता दाणे काढले आणि चिमण्यांना टाकले. भांड्याला काहीतरी हवंच होतं.

सकाळच्या पहिल्या बसने मी तिथे गेले. कार्यालयाच्या जिन्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच होती. शेवटची मी गुडघा टेकून चढले. आत नार्वेकर मॅडमचं टेबल माझ्या छातीला लागलं.

टेबलावर आमची भातुकली मांडली होती. चूल, जातं, परात, पाटा-वरवंटा. टोपाच्या कडेला हात टेकून हे उभे होते, करंगळीएवढे.

"जेवलीस?" यांनी विचारलं. आवाज मात्र नेहमीएवढाच मोठा होता.

"चला घरी."

"तसं नेता येत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "पेटीतून आलं ते देशाचं झालं. पास झालं तर सोमवारी विमानात. नापास झालं तरच कारागिराच्या घरी परत."

"नापास कसं होतं?"

"मूल तोंडात घालतं. अख्खं आत गेलं तर नापास. मग आम्ही बाहेर काढून देतो."

"जिवंत?"

मॅडमनी जरा विचार केला. "आजवर लाकूडच आलंय."

मी टेबलाच्या कडेशी तोंड नेलं आणि यांना हळूच म्हटलं, "अहो, अंग चोरून घ्या. गुडघे पोटाशी धरा. आत गेलात की परत मिळाल."

हे माझ्याकडे बघत राहिले. "नापास होऊ म्हणतेस?"

"हो."

"पन्नास वर्षांत माझा एक नग परत आला नाही. भोवरा नाही, फणी नाही, साधं लाटणं नाही."

"तुम्ही नग नाही."

"टोपात काय घातलं होतंस?" यांनी विचारलं.

मी पदराने परात पुसली.

मुलाला आणलं. मूल कार्यालयाचं होतं. त्याच्या करदोट्यात पितळी बिल्ला होता. गेली अकरा वर्षं ते आठ महिन्यांचंच आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्याला टेबलावर बसवलं तेव्हा सगळी भातुकली थरथरली. त्याने चूल उचलून खाली टाकली. जात्याचा वास घेतला. मग यांना कमरेला धरून उचललं.

मी टेबलाची कड धरली. हे मात्र मुलाच्या तोंडात वाकून बघत होते.

"हिरड्या सुजल्यात बिचाऱ्याच्या," हे म्हणाले. "दात येतायत. याला चावायला घट्ट काहीतरी लागेल. माझ्या अंगाला वॉर्निश नाही ना लागलेलं, बघ."

"नाही लागलेलं," मी म्हटलं. यांच्या अंगाला केवड्याचा वास येत होता. लाखेच्या रंगाला चकाकी आणायला केवड्याचं पान घासतात, तो वास पन्नास वर्षांत आंघोळीनेही गेला नव्हता.

आता टेबल माझ्या हनुवटीच्या वर आलं होतं. मी टाचा उंचावल्या.

"फणी नाही परत आली, लाटणं नाही परत आलं, सगळं कबूल," मी म्हटलं. "पण मी घरी कुणाला चहा देऊ? अंग चोरा, अहो. एवढ्या एका वेळेला."

यांनी माझ्याकडे पाहिलं. नवीन खेळणं हातावर घेऊन वजन बघताना पाहतात, तसं. मग दोन्ही हात खांद्यापासून आडवे ताणले, खुळखुळ्याच्या दांडीसारखे ताठ.

मुलाने तोंड उघडलं. यांचं डोकं आत गेलं. हात ओठांच्या दोन्ही कडांना अडले.

मॅडमनी पेन उचललं.

मुलाने तोंड आणखी उघडलं.